डोळे मिटून भूगोल

जानेफळ,
माघ वद्य पंचमी, शके १८५९

चिरंजीव शेषराव यास,

मोतीराममामाचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. सरस्वतीनं पाठवलेले तिळाचे लाडू पोचले. पाक जरा पुढे गेला होता, पण दात शाबूत आहेत म्हणून खाल्ले. तुझ्या आईला मात्र छान झाले होते असंच सांग, नाहीतर बहीण माझी वर्षभर बोलायची नाही. गहू भरला आहे. शाळेमागचा पळस फुलला आहे म्हणतात.

ओळी वरखाली गेल्या तर हसू नकोस. शाई पातळ आहे आणि टेबल तुझ्या शिक्षणखात्यानं दिलेलं आहे, त्याचा एक पाय आखूडच.

तुझं पत्र परवा आलं. चष्मा कुठं ठेवला ते आठवेना, म्हणून चौथीतल्या गोजरनं वाचून दाखवलं. कारभारी माळ्याची पोर, तू पाहिली आहेस तिला. अमरावतीचे मोठे साहेब फाल्गुनात जानेफळला येणार, माझा भूगोलाचा पाठ बघणार, आणि आवडला तर ती पद्धत वऱ्हाडातल्या सगळ्या शाळांना लावणार. वाचताना पोरीचा आवाज फुगला होता. मी 'वा' म्हटलं आणि तिला घरी पाठवलं. अरे लेका, काय करून बसलास हे?

दुसरबीडचे अर्जुनराव मास्तर इकडे लग्नाला आले होते, ते जेवणावरून उठून तावातावानं शाळेत आले. "मास्तर, तुमच्या भाच्यानं आमाले हुकूम देल्ला, पोरायले डोळे मिटाले लावा अन् भूगोल शिकवा. मी लावले. अर्धा वर्ग घोरून राह्यला ना! तुमी नेमकं करता तरी काय?" मी म्हटलं, "काही नाही, मीपण मिटतो." त्यांना वाटलं मी विद्या लपवतो आहे. पानसुद्धा न घेता निघून गेले. खरं तेच सांगितलं होतं मी त्यांना.

तुझ्या तपासणीचा दिवस मला रोज आठवतो. तू खुर्चीवर बसलास, मी म्हटलं, मिटा डोळे. मग आपण सगळे अजिंठ्याच्या डोंगरात एका ओल्या दगडापाशी उभे राहिलो. पाणी इतकं थोडं की ओंजळ भरेना. त्याच्यामागं चालत निघालो. कुणाच्या तरी शेतात हरभरा होता, तो उपटून खाल्ला, पाल्यावरच्या आंबट आंबेमुळं ओठ चुरचुरले. मेहकरास येईपर्यंत पैनगंगा गुडघाभर झाली होती, आणि देवळातली घंटा पाण्यावरून ऐकू येत होती. पुढं वाळूत टरबुजांचे वेल, वाळू तापलेली. मी विचारलं, डोंगर कुठं गेले? मागून एक पोरगा हळूच म्हणाला, "लांब गेले गुर्जी, निळे झाले." मी त्याला हे शिकवलं नव्हतं. त्याला दिसलं. शेवटी आपली नदी वर्धेला मिळाली. बाहेर कवडे घुमत होते, तेवढाच आवाज.

गोजर नंतर म्हणाली, "गुर्जी, साहेबायनं पन डोये मिटले होते, अन् उघडाले लय येळ लावला."

तू कुठं थांबला होतास ते मला माहीत आहे. मेहकरच्या घाटावर. तुझा बाप गेला त्या वर्षी तिथंच तुला मी पोहायला शिकवलं. कमरेला भोपळा बांधून घ्यायला तयार नव्हतास, माझ्या खांद्याला नखं रुतवून बसला होतास. तिथून परत आलास आणि माझ्या नावापुढं 'उत्तम' असा शेरा मारलास. म्हणालास, "मामा, गणित राहू द्या आज." माझा जीव भांड्यात पडला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि राग आला तो तुझा आला. तुझं काम पाहण्याचं होतं ना रे? तू शाळा पाहायला आला होतास आणि मामाला पाहून गेलास.

आता ऐक. ही पद्धत कुठून आली ते सांगतो.

दिवाळीच्या सुटीत मी अकोल्यास गेलो होतो. सरस्वतीला सांगितलं, नकाशा आणायला चाललो. नकाशा आणला नाही. एका डॉक्टरकडं गेलो. त्यानं दिवा लावून, वर बघा, खाली बघा केलं आणि म्हणाला, हा मोतीबिंदू नव्हे मास्तर, मोतीबिंदू असता तर काढला असता. सुटी संपून शाळा भरली त्या दिवशी वर्गात उभा राहिलो, तर समोर नुसता पिंजलेला कापूस, आणि त्या कापसातून पोरं माझ्याकडं बघताहेत. मला ते बघणं सोसेना. म्हणून म्हटलं, मिटा डोळे. त्यांनी मिटले, मीही मिटले. एवढीच पद्धत.

पण मिटल्यावर मला सगळं लख्ख दिसायला लागलं, शेषा. नदीचा तळ दिसायचा, खडे दिसायचे. तुझी गेलेली मामी, मनकर्णा, काठावर लुगडं पिळत उभी असायची, पदर खोचलेला, आणि माझ्याकडं बघून म्हणायची, आज इतक्या लवकर कसे? मी त्या तासाची वाट पाहायला लागलो. आठवड्यातून दोनदा असलेला भूगोल मी रोज घ्यायला लागलो. गणिताचा तास कुठं गेला, कुणी विचारलं नाही. पोरं तर खूशच होती.

गेल्या महिन्यात एकदा गणित घातलं. पाट्या पुढं आल्या, मी एकेकीवर हात फिरवून 'बरोबर', 'नीट काढ' असं म्हणत होतो. गोजरची पाटी आली. मी म्हटलं, शाब्बास. वर्ग एकदम गप्प झाला. बोटं फिरवून पाहिली तर पाटी कोरी, पुसलेलीसुद्धा नाही, कोरडी. तिनं मुद्दाम दिली होती. बरेच दिवस त्यांच्यात कुजबुज चालली असणार. पोरं हसली असती तर मी छडी घेतली असती आणि सगळं निभावून नेलं असतं. एकही हसलं नाही. गोजर पाटी घेऊन जागेवर गेली आणि मला तिचं मुसमुसणं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवसापासून पोरं पाटी देताना स्वतःच सांगायला लागली. "गुर्जी, मी बेचाळीस लिवलं, बरोबर हाये." मी म्हणतो, बरोबर. तेच मास्तर आणि तेच तपासणारे दिपोटी साहेब. माझी लाज राखताहेत, आणि त्यापायी त्यांचा अपूर्णांक बुडाला, त्रैराशिक बुडालं. गोजरला तिचा बाप पुढच्या वर्षी मेहकरला शिकायला ठेवतो म्हणतो. कुठल्या तोंडानं पाठवू तिला?

तू म्हणशील, मामा, आधी काऊन नाही सांगितलं? भीती वाटली. शाळा गेली तर सकाळी उठून मी कुठं जाणार, हे मला ठाऊक नाही. मला शाळा सोडवत नाही रे. पोरांच्या अंगाचा तो मातीचा, कच्च्या कैरीचा वास सोडवत नाही. मोठ्या साहेबांपुढंही मी पाठ छान करीन, तेही डोळे मिटतील, आणि आपलं दोघांचं नाव होईल. म्हणूनच आता गप्प बसणं जमत नाही.

साहेब यायच्या आत तुझा शेरा तू स्वतः खोड. त्यांनी खोडला तर तुझ्या नोकरीवर डाग लागेल. सरस्वतीला एवढ्यात काही सांगू नकोस, ती रडत इकडं निघेल. माझ्या जागी येईल तो माणूस गणितात पक्का असू दे. भूगोल त्याच्या पद्धतीनं शिकवू दे, मला चालेल.

इथपर्यंतचं मामानं लिहिलं, ते तुझ्यापाशी ठेव. खालचा मजकूर फाडून कचेरीत लाव. त्यातला एक शब्द मी अजून कुणापाशी उच्चारलेला नाही, पहिल्यांदा तुलाच लिहितो आहे.

मेहरबान डेप्युटी साहेब यांचे सेवेशी,

अर्जदार आंधळा झाला आहे. दिवाळीपासून त्याने बरोबर ठरवलेली सर्व मुलांची गणिते न तपासलेली समजावी, आणि नवीन शिक्षकाने ती पहिल्यापासून शिकवावी. मुलांचा यात काही दोष नाही.

आपला ताबेदार,
मोतीराम
हेडमास्तर, जानेफळ