चौदा केल्विनवरचा उंचवटा

३ डिसेंबर २०२४

क-टक्-टक्, क-टक्-टक्, क-टक्-टक्, क-टक्-टक्. सकाळी दात घासताना अचानक कानात सुरू झाला – तळघरातल्या प्रयोगशाळेतला हवा ओढणारा जुना पंप! तो भंगारात जाऊनही वीस वर्षं झाली असतील. एक लघू, दोन गुरू, असं चार वेळा. चक्क भुजंगप्रयात! आचऱ्याच्या शाळेत गुरुजी बाकावर पट्टी आपटून वृत्तं शिकवायचे, तिथला माझा कान. पंप चालू झाला की मी त्या तालावर पाठ असलेल्या कविता म्हणत बसायचो आणि तापमान उतरत जायचं. शंभर केल्विन, पन्नास, वीस… वीस म्हणजे शून्याखाली अडीचशे अंशांहून थोडं जास्तच.

दर्शना तेव्हा माझ्याकडे पीएच.डी. करत होती. एकदा ऐकून म्हणाली, "सर, ह्याला कविता नको, तेल पाहिजे." खरंच तेल संपलं होतं. घातलं. वृत्त गेलं!

आता ह्या घरात आवाज म्हणजे फ्रीजचा. त्याला काही वृत्तबित्त नाही.

५ डिसेंबर

चंपाबाई स्वयंपाक करून जाताना म्हणाल्या, कालची भाजी तशीच आहे, मग मी करते कुणासाठी? विचार करतो म्हटलं. त्या हसल्या. मी खरंच विचार करत होतो.

८ डिसेंबर

माझी प्रयोगशाळा आता रतन चालवतो. त्याने एक परदेशी लेख पाठवला. खाली एवढंच – "सर, हा तुमचाच पदार्थ ना?"

माझाच. सेरियमचा तोच स्फटिक, ज्यावर मी अकरा वर्षं घालवली. थंड करत गेलं की त्याचा विजेला होणारा रोध उतरत जातो, आणि चौदा केल्विनला मध्येच एक उंचवटा येतो. लहानसा. पोळीला फुगा यावा तेवढा. आत इलेक्ट्रॉन नव्याने रांग लावतात त्याची ती खूण, असं ते म्हणतात. चार पानं नुसती त्यावर. जगात कुणी आधी पाहिला नव्हता, असंही म्हणतात.

पाहिला होता.

जेवलो नाही.

११ डिसेंबर

माळ्यावरून ट्रंक काढून घेतली. दर्शनाची वही मिळाली. १९९६. हिरवी शाई, आकड्यांखालची रेघ न रेघ सरळ. चौदा केल्विनपाशी समासात – "आला." पुढच्या आठवड्यात – "पुन्हा आला." मग फक्त "पुन्हा". एकूण अकरा वेळा.

मी काय म्हणालो होतो ते शब्दन् शब्द आठवतं. केसाहून बारीक तारा आपण चांदीच्या रंगाने चिकटवतो, त्यातला एखादा सांधा थंडीने सुटत असेल, सोडून दे. ती शांतपणे म्हणाली, "सुटलेला सांधा तापमान बघून सुटत नाही, सर. थंड करताना चौदाला आणि गरम करतानाही चौदालाच?"

तिचं बरोबर होतं. तिला ते ठाऊक होतं. मलाही!

इथे तरी खरं लिहू दे. त्याच्या दोन महिने आधी मी माझा लेख पाठवून बसलो होतो आणि त्यातल्या आलेखाची रेघ गुळगुळीत होती. उंचवटा खरा ठरला असता तर लेख मागे घ्यावा लागला असता. मी म्हणालो, प्रबंधातून ते पान काढ, नाहीतर माझी सही मिळणार नाही. तिने काढलं. पदवी मिळाली. नंतर "नोकरी बघते" म्हणाली आणि संशोधनात परत आली नाही. अठ्ठावीस वर्षं.

१५ डिसेंबर

शिवदासला चारकोपला फोन केला. आमच्याकडे द्रवरूप हेलियम भरायचं काम त्याच्याकडे असायचं, त्यामुळे सगळं त्याच्यासमोर घडलेलं. हवापाणी झालं, गुडघे झाले. मग मी उंचवट्याचं सांगितलं.

"सायबानू, तुमी तिका बोलूकच दिलात नाय."

मी म्हटलं, तसं नव्हतं रे. तर म्हणतो, दुसऱ्या कुणाच्या घरातलं पोर असतं, बापाचं नाव मोठं असतं, तर ऐकलं असतंत ना?

कुकर झाला सांगून फोन ठेवला. कुकर लावलाच नव्हता.

१६ डिसेंबर

तिचे वडील, धम्मपाल, एकदा प्रयोगशाळा बघायला आले होते. रेल्वेच्या कारखान्यात फिटर. कडक इस्त्रीचा शर्ट. सगळी यंत्रं बघून विचारलं, साहेब, एवढं थंड करून शेवटी काय दिसतं? मी काहीतरी मोठं वाक्य बोललो. दर्शना मागून म्हणाली, "बाबा, गर्दी शांत झाली की एकेकाचं ऐकू येतं, तसं." ते तिच्याकडे बघून जे हसले!

माझं वाक्य आठवत नाही.

१९ डिसेंबर

नाहूरला जाऊन आलो. दर्शनाचा जुना पत्ता होता. चाळीच्या जागी टॉवर उभा. वॉचमनने विचारलं कितवा मजला. मला काय ठाऊक. माझ्या मुलुंडपासून नाहूर एकच स्टेशन. इतकी वर्षं ती एका स्टेशनावर होती आणि मी कधी उतरलो नाही. परत चालतच आलो. संध्याकाळी डोंगर निळा झाला होता. अशा वेळी पूर्वी एखादी ओळ आपोआप यायची. आज नाही आली.

रात्री नेटवर शोधलं. भांडुपच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकी शिकवते. फोटोत केस पांढरे. नंबर आहे, मेल आहे. नंबर फिरवला आणि रिंग जायच्या आत कापला.

२३ डिसेंबर

ठरलं! ज्या शोधपत्रिकेत माझी गुळगुळीत रेघ छापून आली, तिथेच टिपण पाठवायचं. अकराही मोजमापं द्यायची. कुणी काढायला लावली तेही लिहायचं. लेखक म्हणून तिचं नाव पहिलं, माझं दुसरं.

२९ डिसेंबर

रविवार, म्हणून बंगळूरहून गार्गीचा फोन. नेहमी तीन मिनिटांत आटपतो – जेवलास का, औषध घेतलंस का. आज मी अर्धा तास उंचवट्यावर बोललो. लेक म्हणाली, बाबा, कित्येक वर्षांत तुझा असा आवाज ऐकला नव्हता.

२ जानेवारी २०२५

टिपण पाठवलं. ऑनलाइन फॉर्म, सगळा दिवस गेला. शेवटी एक चौकोन – सर्व लेखकांनी मसुदा वाचला असून त्यांची संमती आहे. दोन मिनिटं थांबलो. पण नको कोण म्हणेल? तिचंच काम, तिचंच नाव, तेही पहिलं! आणि आधी फोन करायचा तर बोलायचं काय? छापून आलं की प्रत घेऊन स्वतः जाईन, मग बोलायची गरजच उरणार नाही. खूण केली.

भाजी संपवली. चंपाबाईंनी भांडं उलटं करून बघितलं.

४ जानेवारी

भांडुपला जायचं झालं तर कुठला शर्ट, ह्याचा विचार करत बसलो. वय अठ्ठ्याहत्तर!

७ जानेवारी

साडेचारला बेल. औषधवाला असेल म्हणून पैसे घेऊनच दार उघडलं. दर्शना. लिफ्ट बंद, पाच मजले चढून आलेली, दम लागलेला. मी पैसे पुढे धरून तसाच उभा.

तिने मोबाइल समोर धरला. पत्रिकेकडून पहिल्या लेखकाला आपोआप मेल जातो – हे मला कसं सुचलं नाही! "सर, ह्यात माझी संमती आहे म्हणून लिहिलंय. कधी दिली मी?"

मी म्हटलं, नाव पहिलं घातलंय तुझं.

"तेव्हा न विचारता पान काढलंत. आता न विचारता नाव घातलंत."

मी माफ कर म्हटलं. बहुतेक म्हटलं. तिने ऐकलं की नाही कोण जाणे, चप्पल काढून आत आली. "मसुदा कुठाय? मी वाचणार. पटला नाही तर आत्ता इथून मागे घ्यायचा."

टेबलाशी बसली आहे. चहा नको म्हणाली. मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वही ठेवून हे लिहितोय. वीस मिनिटं झाली. अजून तिने पहिलं पान उलटलेलं नाही.