उचललेली टाच

४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचून आठवडा झाला. दुकानाला दोन महिने कुलूप आहे. गिऱ्हाइकांची घड्याळं तोवर बंद राहिली तर बिघडत नाही, तशीही ती बंद पडली म्हणूनच आली होती. खोली लहान आहे, खाली न्हाव्याचं दुकान आहे. बाबा ज्यांच्याकडे शिकले त्या गुरुजींकडेच जाऊन शिक, हा हट्ट तुझा. पाय मात्र माझे दुखताहेत.

गुरुजी आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. खुर्चीत बसून शिकवतात, बोलतात कमी. पाच दिवस त्यांनी मला नुसतं सरळ उभं केलं. सहाव्या दिवशी वीरभद्रासन सांगितलं. मी आपल्या पद्धतीने केलं. उजवा पाय मागे असताना टाच जमिनीला, डावा मागे असताना टाच बोटभर वर. त्यांनी दोनदा करायला लावलं आणि विचारलं, डावा पाय कधी मोडला होता. मी म्हटलं, पाय ठणठणीत आहे, ही आमच्या वडिलांची पद्धत. डावीकडे चंद्रनाडी, म्हणून ती बाजू हलकी ठेवायची. ते म्हणाले, असं काही त्यांनी कुणालाही शिकवलेलं नाही. टाच खाली.

मी टेकवली, ताई. आता वर्गात तू काय करणार, याचा घोर मला लागलाय.

लोभ भरपूर असावा, राग बेताचा.
तुझा धाकटा

११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. ते असताना तू कधी आठवडाभर सलग त्यांच्यामागे उभा राहिला नाहीस, आणि आता सहा दिवसांत त्यांना चूक ठरवून मोकळा झालास. लोक जीभ उचलून टाळ्याला लावतात, तू टाच उचलून जमिनीला लावलीस.

मी पस्तीस वर्षं त्यांच्याकडे बघून शिकले. ते बोलून शिकवतच नसत. ते करत, मी बघत असे. आज शिंपिणीच्या दुकानावरच्या खोलीत एकतीस माणसं माझं बघून डावी टाच उचलतात. भिंतीवर ‘बाबांची पद्धत’ अशी पाटी आहे. चंद्रनाडीवर चार पानं मी स्वतः लिहून सगळ्यांना वाटली आहेत. ही टाच खोटी असेल तर मी इतकी वर्षं काय शिकवलं, ते तूच सांग.

शहाऐंशीव्या वर्षी माणूस विसरतो. गुरुजींकडे लेखी काही असेल तर उतरवून पाठव. नसेल तर हवापाण्याची पत्रं लिही.

पोक काढून बसू नकोस. अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.
ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

लेखी आहे. गुरुजी प्रत्येक विद्यार्थ्याचं एक पान ठेवतात. जुन्या वह्या लोखंडी कपाटात आहेत. बाबांचं पान सापडायला दोन दुपारी गेल्या. जसंच्या तसं उतरवतो.

‘घड्याळवाला. येण्याआधी शिडीवरून पडला, डावी टाच दुखावली. मी सांगेपर्यंत ती टेकवायची नाही. दोन महिन्यांनी बघू.’ त्याखाली वेगळ्या शाईत, ‘तार आली. घरी मुलगी झाली, मायलेकी दोघींची प्रकृती नाजूक. आज गेला. परत येऊन पुरं करतो म्हणाला.’

पुढे पान कोरं आहे. तारीख तुझ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसाची आहे.

मी गुरुजींना विचारलं, पाय तर महिन्याभरात बरा झाला असणार, मग जन्मभर टाच वर का? ते म्हणाले, मी सांगितलं नव्हतं ना.

मी यंत्रात रमणारा माणूस, पण हे पान उतरवताना मला रडू आलं. तुला वाईट वाटेल हे ठाऊक असून पाठवतोय.

राग धरू नये, मला धरून असावं.
तुझा धाकटा

२७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी वर्ग घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पान वाचून दाखवलं आणि पाटी उतरवली. कुणी रागावलं नाही. शिंपीण म्हणाली, माझी पाठ वळली की ती अकरा वर्षं टाच टेकवतच आली आहे. मी हसले, पण मनाला लागलं.

एक आठवलं. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, तुमची ही टाच वर का? ते म्हणाले होते, ती अजून शिकायची राहिली आहे. मला वाटलं, टाच उचलणं इतकं अवघड की बाबांनाही पुरतं येत नाही! म्हणून मी ती जिवापाड उचलत राहिले. चंद्रनाडी नंतर मीच शोधून काढली. बाबा चुकले नव्हते रे, ते वाट बघत होते. आणि आम्हा मायलेकींपायी शिकणं अर्धं राहिलं, हे त्यांनी एका शब्दाने कधी जाणवू दिलं नाही.

काल एकटीने दार लावून टाच टेकवून पाहिली. टेकत नाही. पोटरी आखडली आहे, इतक्या वर्षांची सवय. बाबांचा पाय बरा झाला असेल, माझ्या पायाला मात्र कुणीतरी शिकवायला हवं.

तेव्हा गुरुजींना माझा नमस्कार सांग आणि विचार, बाबांच्या पानावर खाली कोरी जागा आहे, तिथे मला घेतील का. म्हणावं, जी मुलगी झाली म्हणून तो गेला, ती राहिलेलं पुरं करायला येते आहे.

पुढच्या सोमवारी निघते. खोलीत दुसरी गादी घालून ठेव, आणि खिडकीकडची बाजू माझी.
ताई