चार नंबरवाल्याचं पाणी

३ एप्रिल, गुरुवार. गडचांदूर

आज मी मालकीण झाली. एकतीस वर्षं आश्रमशाळेच्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून काढली, तिथल्या एका खिळ्यावरही माझा हक्क नव्हता. आता सहा खोल्यांची ही चाळ, मधात अंगण, अंगणात नळ अन् कडुनिंब, सगळं माझं, या नीलाबाईचं. टेम्पोवाल्यानं कपाट उतरवताना भिंत खरचटली तं माझा जीव असा तुटला, काय सांगू. मग हसू आलं. माझी भिंत आहे म्हणून तं तुटला.

एक नंबरात मी. दोनले कय्यूमभाऊ वेल्डर अन् त्याची बायको जमीला, तिनं आल्याआल्या चहा आणून देला. तीनले इसरू अन् सोमारी, जंगलातल्या गावचे नवरा-बायको. इसरू सिमेंटच्या कारखान्यात पोती भरते. पाच अन् सहामधी अंकुश अन् हेमराज, तेही कारखान्यातलेच. चार नंबरले कुलूप. तिथी कोण राह्यते, ते आधीचा मालक श्रीहरीनं धड सांगितलंच नाई. भाडेकरू आहे, तरास देत नाई, एवढं बोलला अन् घाईघाईनं वरोऱ्याले निघून गेला.

७ एप्रिल

मालकी म्हणजे पुन्हा वसतिगृहच निघालं. अंकुश नळ उघडा सोडते, हेमराजची गाडी रोज माझ्याच दारासमोर, जमीलाच्या चादरी पुऱ्या तारेवर. सगळ्यायले सरळ करीन. पोलीस ठाण्यात द्यायचे भाडेकरूचे फॉर्म भरून घेतले. चार नंबरचा तेवढा कोरा राह्यला.

अजून एक. दुपारी दोनचा भोंगा होऊन पहिली पाळी सुटली, का सोमारी रोज बादलीभर पाणी चार नंबरच्या उंबऱ्यावर ओतते अन् "ये भाऊ" म्हणते. काऊन म्हणून विचारलं, तं म्हणे कामावरून आलेल्या माणसाचे पाय दारातच धुवायचे असतात, सिमेंट घरात नेऊ नाई. कोणाचे पाय, तं म्हणे डोमाभाऊचे. उंबऱ्यावर तं कोणीच नव्हतं. पण तिच्या त्या पाण्यानं भिंत हातभर ओली झाली, पोपडे निघून राह्यले.

१० एप्रिल

कय्यूमभाऊनं आज सगळं सांगितलं. डोमा चार नंबरचा भाडेकरू. तीन वर्षांआधी पहिल्या पाळीत सिमेंटच्या टाकीत पडला अन् आत बुडाला. काढला तोवर डोळे-तोंड भरून गेलं होतं. तेव्हापासून पाळी सुटली का तो घरी येते, म्हणे. पाय धुवाले पाणी भेटलं का गुमान आपल्या खोलीत जाते, दुसऱ्या कोणाच्या दारी जात नाई. खोली कोणाले देऊ नका, पाणी बंद करू नका, असं कय्यूमभाऊ हात जोडून सांगत होता.

ऐकून घेतलं, मग सांगून टाकलं. मेलेल्या माणसाचा करारनामा नसते. उद्यापासून पाणी बंद अन् खोली खाली. सोमारी रडली. मले वाईट वाटलं, पण घर माझं आहे.

११ एप्रिल

कुलूप तोडलं. आत एक खाट अन् खुंटीवर शर्ट, बाकी काही नाई. सोमारीची बादली माझ्या खोलीत आणून ठेवली. भोंगा झाला तं सारे आपापल्या दारात उभे राहून माझ्याकडे पाहत होते. काही झालं नाई. मी पोटभर जेवली.

१२ एप्रिल

अंगणात पांढरी पावलं. अनवाणी, जड माणसाची. चार नंबरपासून सरळ दोन नंबरात गेली. जमीलाच्या कणकीच्या डब्यात सिमेंट. हा कोणाचा तरी चावटपणा आहे, म्हणून अंगणात सगळ्यायची हजेरी घेतली. अंकुशले खडसावलं. तो खोटं बोलत नव्हता.

१५ एप्रिल

कय्यूमभाऊ अन् जमीला गेले. हेमराज गेला. अंकुश तं गादीही न घेता गेला. दुपारी झोपला होता, उठला तं पापण्या सिमेंटनं चिकटलेल्या. पावलं खोल्यायच्या आत जातात, बाहेर निघत नाईत. मी दोन टोपले सिमेंट झाडून काढलं. जाऊ द्या सगळ्यायले. मी काही भेत नाई.

१८ एप्रिल

इसरू-सोमारीही निघाले. सोमारीनं माझे पाय धरले, बाई, तुमच्या हातानं एक बादली ओता अन् ये भाऊ म्हणा, एवढंच म्हणा. मी म्हटलं, मले न विचारता जो माझ्या घरात शिरला त्याले मी ये म्हणू? नाई म्हणत.

ती गेल्यावर अंगण लय मोठं दिसलं. रडली मी. खरं ते लिहिलं.

२० एप्रिल

घोट्याएवढं सिमेंट. झाडून सरत नाई. भाकरीत कचकच. भोंग्यानंतर माझ्या दारावर हात फिरते— ठोकत नाई, नुसता चाचपते. त्याले दिसत नसन. आतूनच ओरडली, तुझी खोली चार नंबर, इथी नाई.

२१ एप्रिल

दाराखालून येऊन राह्यलं. पिंढरीपर्यंत— रात्रभर टोपल्यानं उपसलं— सकाळी पुन्हा तेवढंच. खोकला थांबत नाई. जात नाई मी.

२२ एप्रिल. दोन वाजून दहा

खुर्ची दाराशी टाकून बसली. बाजूले दोन बादल्या भरून. पाणीच पाहिजे ना तुले. देते. पण ये म्हणणार नाई.

दार उघडलं— उभा आहे— पांढरा— तोंडाच्या जागी नुसतं—

ओतल्या. दोन्ही. त्याच्या पायावर, अंगावर.

खाली गरम लागून राह्यलं— सिमेंटवर पाणी टाकलं मी— पाणी— येवढी शिकलेली बाई मी अन्— आवळते— गुडघे हलत नाईत— तो आत आला तं मागं दार लागलं अन् बसलं जागच्या जागी, ओढलं, नाई निघत—

तो माझ्या खाटेवर जाऊन बसला. पाय धुतलेले. काळे, साफ.

हाक मारू कोणाले, चाळीत कोणी—

मांडीपर्यंत. तरी लिहून ठेवते. घर माझं आहे. मालकीण मी. कोणाचा बाप आला तरी मले इथून—