भावोजींच्या वायफायवर

हमरापूर, गुरुवार, दिवेलागण

जर्मनीच्या मराठी मंडळाने मला बोलावलंय, गणपतींचे डोळे आखून दाखवायला. मला, भावोजींना नाही. ते आपले सोबतीला. तरी परदेशात चालणारं बँकेचं कार्ड त्यांच्या नावावर, सिमही त्यांच्याच फोनात घ्यायचं ठरलेलं. "तुला कशाला गो वेगळं? मी हाय ना. माझ्या वायफायवर राहा." म्हणजे पंधरा दिवस मी त्यांच्यापासून दहा पावलांच्या आत राहायचं. पाण्याची बाटली घ्यायची तरी आधी त्यांचं तोंड बघायचं. आणि मी काय केलं? मान डोलावली. का?

आज पेणच्या दुकानदाराने सांगितलं, तिथलं ई-सिम भावोजींच्या जुन्या फोनात चालणारच नाही. माझ्या फोनात चालेल. वाटलं, आता तरी गप्प बसतील. घरी येताच त्यांनी हात पुढे केला. "मग तुझा फोन दे माझ्याकडं. मीच सांभाळतो."

मी आखणीचा बारीक ब्रश त्या हातावर ठेवला. "हा पण सांभाळा. डोळे तिकडे तुम्हीच आखा."

उद्या कार्डाचा फॉर्म माझ्या नावाने भरणार. आत्ता फोन घेऊन पार मागच्या पडवीत बसलेय. इथे त्यांचं वायफाय पोचत नाही.