रंग उतरलेली कॅसेट

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ जानेवारी १९८७

चि. नृसिंह यास अंबादासमामाचे पोटभर आशीर्वाद. तुझी आई खणखणीत आहे. माझेही, एक गुडघा सोडला तर, बाकी अवयव सरकारपक्षात आहेत. लोरेनलाही आमची खुशाली सांग.

तू पाठवलेली ती काळ्या कुटुंबाची विनोदी मालिका ताईला दाखवली. (आधी तिनं पोटभर हसावं, मग मी हळूच सांगावं की तुझी सून यांच्यातलीच, हा आपला बेत.) व्हिडिओ भाड्यानं आणला, शेजारच्या पिराजीच्या रंगीत टीव्हीला जोडला, आणि बघतो तर चित्राला रंगच नाही! पिराजी म्हणाला, "अमेरिकेची टेप हितं अशीच दिसतीया." अरे, पूर्वी समुद्र ओलांडला की माणसाची जात जायची, आता कॅसेटचा रंग जातो. गोरा साहेब राखाडी, नायक थोडा जास्त राखाडी, आणि आपला मुद्दा गेला पंचगंगेला वाहून.

इंग्रजी समजावून सांगायचं काम माझ्याकडे. (छापखान्यात तीस वर्षं इंग्रजी खिळे जुळवलेत, ते उलटे वाचायचे असतात, हे ध्यानात घे.) नायक कचेरीत सगळ्यांचं काम उरकतो आणि बढतीची खुर्ची साहेबाच्या मेहुण्याला मिळते. का, तर याची कातडी काळी. एवढं मला नेमकं समजलं, आणि तेवढंच मी गिळलं. पण कचेरीत शिपाई असलेला आपला आकाराम ओरडला, "ह्यो तर आमच्याच हापिसातला हाय की!" सगळे हसले. तोही हसत हसत डोळे पुसू लागला, तो बराच वेळ पुसतच राहिला.

नायक घरी येऊन रुसून बसला, तर बायकोनं स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बसा साहेब, ही तुमचीच." (निदान मी तरी तसं सांगितलं.) ताई म्हणाली, "सून असावी तर अशी!" हीच ती संधी. मी घसा खाकरला, सरसावून बसलो, आणि चहा मागितला.

तुझा,
अंबादासमामा

ता. क. तेव्हा लोरेनचा रंग आईला तूच लिहून कळव. म्हातारपणी मी तालमीत उतरेन, पण हे जमणार नाही.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवायला ताईकडे दिलंय. घाबरू नकोस, तिचा चष्मा दुरुस्तीला आहे.

तिसरा ता. क., आईकडून. चष्मा कालच आला. दिवाळीत मामानं तुमचा फोटो दाखवला तेव्हा पोरीच्या तोंडावर अंगठा धरला होता, हात तेवढे झाकायचे राहिले. मला दोन स्थळांनी काळी म्हणून नाकारलं, तेव्हा हाच मामा त्यांच्या सायकलींची हवा सोडून आला होता, आणि आता मला भितो! लोरेनच्या घोट्याचं माप दोऱ्याला गाठ मारून पाठव, हुपरीच्या सोनाराकडे चांदीचे पैंजण करायला टाकते. दोरा माझ्या नावानं पाठव. मामा त्याच्यावरही अंगठा ठेवील.