वाळायला लागतो तेवढा वेळ

तीर्थरूप आईस,
धाकटीचा नमस्कार. रागावण्याआधी पत्र शेवटपर्यंत वाच.

मी ठणठणीत आहे. साहेबांनी आठ दिवस घरी बसवलंय, त्यामुळे झोपही भरपूर होते. कारण एवढंच, की मी मशीनचं दार उघडलं नाही.

आमच्या कारखान्यात सापाच्या विषावरचं औषध वाळवतात. भट्टीवर नाही, उष्णतेने ते नासतं. आधी बाटल्यांतलं औषध गोठवून दगडासारखं करायचं, मग मशीनमधली हवा ओढून घ्यायची आणि बेताची ऊब द्यायची. बर्फाचं पाणी होतच नाही, तो थेट वाफ होऊन निघून जातो. मागे राहते कोरडी पांढरी वडी. ती फ्रिजशिवाय वर्षानुवर्षं टिकते.

याला अडीच दिवस लागतात. साहेब दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "वरून वाळलंय, काढ. गाडी खोळंबलीय."

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आत अजून बर्फ आहे. आत्ता काढलं तर वडी वितळून खाली बसेल, औषध वाया जाईल. मी काढणार नाही."

आता माफी लिहून दे म्हणतात. देणार नाही. तूही गावी परत ये म्हणू नकोस.

बाबा अजून अनवाणी कुंपणाकडे जातात का? त्यांना साप चावला तेव्हा दवाखान्यात फ्रिज नव्हता. नर्सबाईंनी अशाच एका वडीत पाणी घालून इंजेक्शन दिलं होतं. ती वडी जिने वाळवली, तिच्याही दारात गाडी खोळंबली असेल. ती थांबली, म्हणून बाबा आहेत.

तुझी,
कुणाचं न ऐकणारी धाकटी