एका अंशाने सरकलेली पट्टी

मिस्त्री, तुमचं व्हॉल्व घासायचं मशीन सध्या माझ्याकडे आहे. वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात, खिडकीच्या बाजूला, दोन लाकडी ठोकळ्यांवर. गुरुवारी टेम्पो येईल आणि ते जाईल. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि त्याआधीही बरीच वर्षं आपण बोलत नव्हतो, त्यामुळे सुरुवात कुठून करायची ते मला कळत नाहीये. मशीनपासून करतो. माणसांशी तुझं जमत नाही, लोखंडाशी जमतं, असं तुम्हीच म्हणायचात.

मी हल्ली हाच धंदा करतो. बंद पडलेल्या गॅरेजमधली जुनी मशीनं शोधायची, ती कुठली, कधीची, किती अस्सल हे ठरवायचं आणि ज्याला खरोखर हवी त्याला विकायची. जुन्या जीपा, जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करणारी हौशी माणसं असतात. त्यांना अवजारंही त्याच काळातली लागतात. हे मला कोणी शिकवलेलं नाही. रद्दीतून आणलेली माहितीपुस्तकं, एक फाटकी डिक्शनरी आणि एक भिंग, एवढ्यावर शिकलो. पहिला नियम माझा मीच काढला, की बिल्ल्यावर विश्वास ठेवायचा नाही. या मशीनचा पितळी बिल्ला त्या मशीनवर चढवायला दोन स्क्रू पुरतात. रंगाचे थर नखाने उकरून बघायचे. स्क्रूच्या खाचा झिजल्या असतील तर कोणीतरी उघडलंय असं समजायचं, आणि अजिबात झिजल्या नसतील तर जास्तच संशय घ्यायचा. विकणारा माणूस ‘आमच्या भावना गुंतल्यात’ म्हणाला, की आधी बेअरिंग हलवून बघायचं. आतापर्यंत माझ्याकडून गेलेलं एकही मशीन परत आलेलं नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुणालाही विचारा.

गेल्या महिन्यात खडवलीहून एका बाईंचा फोन आला. घर विकायचंय, पडवीत वडिलांचं गॅरेजचं मशीन आहे, बघून जा. मला तेव्हाच वास यायला हवा होता, कारण त्यांनी किंमत विचारली नाही. पहिल्याच फोनवर किंमत न विचारणारी माणसं मला चालत नाहीत. तरी गेलो. पडवीत गोणपाट टाकून ठेवलेलं होतं. त्यांनी गोणपाट ओढलं आणि मी ओळखलं. राखाडी रंग, डाव्या हँडलला मूळ मुठीऐवजी लाकडी मूठ, ऑइलच्या ट्रेला पोचा. हजारात ओळखलं असतं. पण चेहरा हलू दिला नाही. खाली वाकलो, भिंग काढलं, पहिल्यांदाच बघतोय असं बघत बसलो.

“आधी कधी पाहिलंय हे मशीन?” त्यांनी चहा ठेवत विचारलं.

“अशी पाच-सात पाहिलीत,” मी म्हटलं.

“सगळी आमच्याच घरची होती का?”

तेव्हा मान वर केली. मिस्त्री, तुमची मुलगी. शाळेच्या गणवेशात तुमचा डबा घेऊन यायची ती. म्हणाली, फोनवर नाव सांगितलंत तेव्हाच ओळखलेलं, तुम्ही ओळख देता का ते बघायचं होतं. डोळे तुमचेच, आणि बघायची तऱ्हाही तुमचीच. समोरच्याने उत्तर दिलं तरी हलायचे नाहीत. मी भिंग खिशात ठेवलं. मग ती म्हणाली, मशीन तुम्हीच विका, पण काय आहे ते सगळं सांगून विका, कोनाच्या पट्टीचंसुद्धा. बाबांनी ती पट्टी मुद्दाम सरकवली होती. “मी आठवीत होते तेव्हा मला कागदावर काढून दाखवलं होतं त्यांनी. तुम्हाला नाही दाखवलं?”

हे वाक्य घेऊन मी खडवलीहून परत आलो. मशीन टेम्पोत मागे आणि हे पुढे, माझ्या मांडीवर.

तुम्हाला आठवत असेलच, पण मला माझ्या बाजूने लिहायचंय. मी सव्वीस वर्षांचा होतो. कंपनी बंद पडली, टूलरूममधली नोकरी गेली, आणि तुम्ही मला ठेवून घेतलंत. हातात काम होतं आणि डोक्यात त्याहून जास्त हवा. कंपनीच्या लिलावातून मी एक कोनमापी घेतलेली, चांगली, परदेशी, तिच्या डबीत अजून मखमल शाबूत होती. एका दुपारी तुम्ही जेवायला गेलेले असताना मी मशीनचा कोन मापला. तुमचा नियम सगळ्यांना पाठ होता. इंजिनाच्या हेडमधली सीट, म्हणजे व्हॉल्व जिथे टेकतो ती कड, पंचेचाळीस अंशांच्या दगडाने घासायची. आणि व्हॉल्व घासायला मशीनची अंशांच्या खुणा असलेली पट्टीही पंचेचाळीसवर लावायची. मी पट्टी पंचेचाळीसवर लावली आणि कोनमापी चव्वेचाळीस दाखवत होती. तीनदा मापलं. चव्वेचाळीस.

मी तुम्हाला विचारलं नाही. आधी वाटलं, यांना माहीतच नाही. संध्याकाळपर्यंत वाटायला लागलं, माहीत आहे आणि झाकतायत. तुम्ही त्या मशीनला इतर कोणाला स्पॅनर लावू देत नव्हता, फडकंसुद्धा स्वतः मारायचात, ते सगळं मला एकदम वेगळं दिसायला लागलं. चार दिवसांनी कल्याणचे बसवाले शेठ हेड न्यायला आलेले, बाहेर चहा पीत उभे होते. मी त्यांना सांगितलं, शेठ, हे मशीन एका अंशाने खोटं आहे. कोनमापी काढून दाखवलीसुद्धा. शेठनी चहा संपवला. पुढच्या महिन्यापासून त्यांच्या बसगाड्यांची हेडं दुसरीकडे जायला लागली, आणि त्यांच्या मागोमाग आणखी दोघांची.

तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही ओरडाल असं वाटलेलं. तुम्ही हातातला व्हॉल्व ट्रेमध्ये ठेवता, पुढे येता, आणि माझ्या शर्टाच्या खिशातून ती कोनमापी काढून उलटीसुलटी करून बघता. “चांगली आहे,” म्हणता. “मापलंस, शेठला सांगितलंस. मला विचारायला काय झालेलं? तोंडाला कुलूप होतं?” मी म्हटलं, विचारून तुम्ही खरं सांगितलं असतंत का? तुम्ही कोनमापी परत माझ्या खिशात ठेवलीत. मी दुसऱ्या दिवशी आलो नाही. मी सोडलं असं मी सगळ्यांना सांगत आलो. काढून टाकलं असं तुम्हीही कधी म्हणाला नाहीत.

एका अंशाचं कारण मला सहा वर्षांनी कळलं, एका रद्दीतल्या पुस्तकात. सीट पंचेचाळीस आणि व्हॉल्व चव्वेचाळीस ठेवला, की दोन्ही कडा सगळ्या अंगाने न टेकता एका बारीक रेघेवर टेकतात आणि हवा घट्ट धरतात. कोन अगदी सारखे केले तर पसरट टेकतात, आणि हाताने घासत बसल्याशिवाय झिरपतात. वाचून पुस्तक मिटलं. पण माझी खात्री पटली नाही, किंवा मीच ती पटू दिली नाही. म्हटलं, नशिबाने बरोबर आलं असेल. पट्टी कधीतरी निखळली असेल, घाईत बसवली असेल, आणि काम चांगलं होतंय म्हटल्यावर तशीच राहिली. मिस्त्रींना कुठे पुस्तक वाचायला येतंय. हे मी स्वतःशी बोललोय, तुम्ही हयात असताना. आणि खडवलीला तुमच्या मुलीने सांगितल्यावरही माझा पहिला विचार हाच, की घरचे लोक असंच सांगणार. मेलेल्या माणसाच्या सगळ्याच चुका मागाहून मुद्दाम केलेल्या ठरतात.

म्हणून मी पट्टी काढली. रविवारी सकाळी, गाळ्यात दुसरं कोणी नसताना, दार अर्धं ओढून. साडेपाच इंचाच्या त्रिज्येवर एक अंश म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटर. इतकी थोडी सरक असली की नवं भोक जुन्या भोकावर अर्धं चढतं. वरवर काम करणारा माणूस तिथे भोक लांबट करतो आणि खाली वॉशर घालून मोकळा होतो. मला तेच सापडायला हवं होतं. खरं सांगतो, मी तेच शोधत होतो. पण खाली दोन्ही जुनी भोकं पितळेने बुजवलेली होती, घासून बिडाशी इतकी सपाट केलेली की नखाला कळत नव्हती. त्यावर नवी भोकं. अर्धं पितळ, अर्धं बीड. अशा जागी ड्रिल हमखास मऊ बाजूला पळतं. तुमचं पळालं नव्हतं. आणि दोन्ही भोकांच्या मधून, बिडावर, सुईने ओढल्यासारखी एक रेघ, आणि तिच्या शेजारी मूळची रेघ. दोन रेघांमधलं अंतर मी मोजलं. पुन्हा मोजलं. चुकून सरकवणारा माणूस आधी रेघ मारत नाही, मिस्त्री.

मी तिथेच स्टुलावर बसलो. तुम्ही हे का केलंत तेही मग सरळ दिसलं. कामगार बदलत राहायचे. कुणाला चव्वेचाळीस-पंचेचाळीस समजावत बसणार? दगड पंचेचाळीसचा, पट्टी पंचेचाळीसची, एवढं कुणीही लक्षात ठेवतं, आणि काम आपोआप बरोबर उतरतं. कुणी चुकू नये म्हणून ती पट्टी सरकवलेली होती. चुकला तो एकटाच, ज्याच्याकडे कोनमापी होती.

ग्राहक आले ते ठाण्यातलेच, रिटायर्ड गृहस्थ, घराखाली एक जुनी जीप उघडून बसलेत. प्रश्नांवर प्रश्न. मला अशी गिऱ्हाइकं आवडतात, मीही असाच आहे. मशीनभोवती फिरले, लाकडी मुठीशी थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “हे त्या मिस्त्रींचं तर नाही ना? कल्याणला एक जुने मेकॅनिक आहेत, ते सांगत होते. एका अंशाने खोटं मशीन. त्यांच्याच कामगाराने मापून दाखवलेलं म्हणे.”

अठ्ठावीस वर्षं झाली. शब्द तेच होते, माझेच. ‘एका अंशाने खोटं.’

मी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं दाखवलं. आधी पट्टी काढून खालच्या रेघा दाखवल्या, भिंग त्यांच्या हातात देऊन. मग मशीन सुरू करून एक व्हॉल्व घासला, कोनमापी लावली, चव्वेचाळीस. व्हॉल्वला निळा रंग लावून गाळ्यातल्या एका हेडच्या पंचेचाळीसच्या सीटवर टेकवून फिरवला. सीटवर दोऱ्याएवढं निळं कडं उमटलं, कुठे तुटलेलं नाही. वरून रॉकेल ओतलं. आम्ही दोघं बसून बघत राहिलो. थेंब नाही. त्यांनी हेडखालून बोट फिरवलं, कोरडं. मग म्हणाले, “म्हणजे मिस्त्री बरोबर होते. तो कामगारच गाढव.”

“गाढवच,” मी म्हटलं.

कल्याणच्या त्या मेकॅनिकना हे आपण स्वतः जाऊन सांगू, असं ते गृहस्थ म्हणाले, आणि सांगतील, तशीच माणसं आहेत. पट्टी आहे तिथेच ठेवायची, मूळ जागी न्यायची नाही, हे मी पावतीवर लिहून दिलं आणि त्यांची सही घेतली. मूळ जागी नेली असती तर हौशी बाजारात ‘अस्सल’ म्हणून जास्त भाव आला असता. ते मी केलं नाही. तुमच्या मुलीला फोन केला. तिने विचारलं, सगळं सांगितलंत? मी म्हटलं, मशीनबद्दल सगळं. ती नुसतं “हं” म्हणाली. त्या ‘हं’वरून तिने काय ओळखलं याचा मी अजून विचार करतोय.

हे पत्र घडी करून मशीनच्या खालच्या कप्प्यात, दगडांच्या डबीखाली ठेवायचं मनात होतं. ठेवणार नाही. ते गृहस्थ पहिल्याच दिवशी सगळे कप्पे उपसणार, आणि हे वाचणार. ते त्यांनी वाचून चालणार नाही, कारण जाताना दारात चप्पल घालता घालता त्यांनी विचारलेलं, तो कामगार कोण होता, आहे का अजून, त्याला एकदा आणून हे दाखवायला पाहिजे. मी फडक्याने हात पुसत होतो. म्हटलं, नाही, वारला तो. ते “अरेरे” म्हणाले, आणि मीसुद्धा मान हलवली.